नख उमटेल असं शिसं

हट्टा,
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. पुनम हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला नवल वाटेल. आपल्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात आणि तुझी सासू मधेच तो हातातून घेते, हे तुला ठाऊक आहे. शिवाय भागवत गेल्यापासून फोनवर माझ्याच्यानं चार वाक्यांच्या पुढे बोलणं होत नाही. पाटबंधारे खात्यात मोजणीदार होतो तेव्हा अहवाल लिहायची सवय होती. तसं लिहिणं जमतं. पाकिटावर सवयीनं 'सौ.' लिहून गेलो. खोडलं असतं तर डाग दिसला असता, म्हणून पाकीटच बदललं.

काम असं आहे. माळ्यावर भागवतचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात त्यानं केलेला प्लास्टरचा साचा आहे आणि बरेच गळ आहेत. तो गळावर शिसं ओतून बोटाएवढ्या मासोळ्या करायचा, मोबाईलवर बघून शिकला होता. त्याला तो जिग म्हणायचा. पाण्यात सोडून झटके दिले की मोठा मासा त्याला खरी मासोळी समजून धरतो म्हणे. दर बुधवारी त्याच्या दुकानाला सुट्टी असली की सिद्धेश्वर धरणावर जायचा. मी मात्र त्याच्यासोबत एकदाही गेलो नाही. आता वाटतं की त्याच्याच साच्यातल्या चार मासोळ्या ओताव्यात आणि एका बुधवारी तिथे जाऊन बसावं. दुसरं काही मनात नाही.

त्यासाठी शिसं पाहिजे. तुझ्या भावाच्या, भिवाजीच्या टायरच्या दुकानात चाकाला लावायची शिशाची वजनं असतात. जुनी, काढून टाकलेली असतील तर त्यानं पाठवावीत.

सासूचं बोलणं मनावर घेऊ नकोस. ती अजून तेच धरून बसली आहे, की एका महिन्यात पोरगा गेला आणि बायकोला आधी काही कळलं कसं नाही. मी तिला गप्प करतो. पण खोटं लिहीत नाही, कधी कधी मलाही वाटतं की तुला तरी कळायला पाहिजे होतं.

तब्येतीला जप.
उकंडराव


कनेरगाव नाका,
दि. २७ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना,
पुनमचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. वजनं पिशवीत बांधून हिंगोलीच्या गाडीत कंडक्टरजवळ दिली आहेत. हिंगोलीहून भिवाजीदादाचा मित्र तुम्हाला आणून देईल. दादानं आठवडाभर दुकानाच्या कोपऱ्यातली वेचली. म्हणाला, "मामाला म्हणावं, आता ट्रकवाले बी लोखंडाचीच वजनं लावून राहिले, शिसं ऱ्हायलंच कुठं! अन् या वयात मासे मारायचा नाद काहून लागला म्हणावं? मरळ ओढंल न् मामालाच पाण्यात घेऊन जाईल." त्याच्या बोलण्याचा राग मानू नका. पिशवी त्यानंच खांद्यावर नेली.

त्यात लोखंडाची वजनं आली असतील तर चुंबक लावून बाजूला काढा. साचा उन्हात चांगला वाळवून घ्या. साच्यात ओल राहिली की शिसं उडतं. ह्यांच्या हातावर एकदा उडालं होतं.

आत्याबाईंना नमस्कार सांगा. त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत जा, त्या स्वतः लावत नाहीत.

बाकी ठीक.
पुनम


हट्टा,
दि. ९ डिसेंबर २०२४

चि. पुनम हिस,
अनेक आशीर्वाद.

वजनं मिळाली. भिवाजीला सांग, मरळीनं ओढलंच तर त्याच्याच दुकानातली ट्यूब कमरेला बांधून जाईन.

गोठ्यामागे चूल मांडून शिसं वितळवलं. वर मळी आली ती काढली आणि साच्यात ओतलं. मासोळी दिसायला बरी आली, पण शेपटीकडे भरलीच नाही. दुसरीची भरली. गळ सरळ करायला शेपटी जरा वाकवली, तर खडूसारखी तुटली. असं पाच-सहांचं झालं.

डब्यात त्यानं ओतलेली एक जुनी मासोळी होती. ती हातात घेतल्यावर फरक कळला. तिला नख लावलं तर नख उमटतं. फरशीवर टाकली तर नुसता धप आवाज येतो, माझी टाकली तर खणकते. चाकाच्या वजनात दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं. त्याचं शिसं मऊ होतं. तो ते कुठून आणत होता? तुला ठाऊक असेल तर कळव. त्याच्या मित्रांना विचारलं, ते म्हणतात आम्हाला माहीत नाही.

तुझी सासू सुभद्रा चुलीपाशी येऊन बसते आणि बोलत राहते. परवा म्हणाली, "पोरगं बुधवारी धरणावर अन् बायको बुधवारी वसमतला शिवणक्लासला. नवरा वाळून चालला तरी हिचा क्लास चुकला न्हाई. अन् एवढा क्लास करून घरात एक उशीची खोळ शिवली न्हाई." मी चूल फुंकत राहिलो. तुला कळवायला नको होतं, पण घरात काय चाललंय ते तुला ठाऊक असावं.

उकंडराव


कनेरगाव नाका,
दि. १६ डिसेंबर २०२४

ती. मामांना,
पुनमचा नमस्कार.

ते शिसं कुठून आणायचे ते मला माहीत नाही. वसमतला एखाद्या भंगारवाल्याकडून आणत असतील.

मामा, हे आता राहू द्या. धुरापाशी बसायची तुमची तब्येत नाही. मासोळ्याच पाहिजेत तर दादा हिंगोलीच्या दुकानातून विकत आणून देईल.

आत्याबाई बोलतात ते बोलू द्या. मी काही मनात धरलेलं नाही.

पुनम


हट्टा,
दि. ६ जानेवारी २०२५

चि. पुनम हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र त्रोटक होतं, म्हणून मीही लगेच लिहिलं नाही.

वसमतला भंगारवाल्याकडे गेलो होतो. त्याला म्हणालो, मऊ शिसं पाहिजे. तो म्हणाला, "शीशा? चाचा, उधर ढेर लगा है, जितना चाहिए ले लो." बघतो तर काचेच्या बाटल्या आणि फुटके आरसे. म्हणालो, "अरे शिसं, शिसं! नख लावलं की उमटतं ते." त्यानं दुकानातल्या दुसऱ्याला हाक मारली, "देख रे, चाचा को नरम शीशा होना! नाखून लगाके देखेंगे बोल रहे!" दोघं पोट धरून हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, म्हणून लिहितो. शेवटी त्याला उमगलं. म्हणाला, तसं शिसं आता बॅटरीतच मिळतं.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरात पडून होती. ती फोडली, आतल्या पट्ट्या धुतल्या आणि वितळवल्या. धूर फार झाला. तेव्हापासून तोंडाला गोडसर, लोखंड चघळल्यासारखी चव येते आणि पोटात मुरडा धरतो. सुभद्रा म्हणते दवाखान्यात चला. अजून गेलो नाही. त्या पट्ट्यांचं शिसंही कडकच निघालं. शेजारचा शेषराव त्याच्याकडची बॅटरी देतो म्हणालाय, तिच्यातलं बघतो.

आता जे लिहायचं ते लिहितो. मागच्या बुधवारी सिद्धेश्वरला गेलो. मासोळी हातात नव्हती, नुसतंच गेलो. तिथे कोंडीबा म्हणून जाळं टाकणारा भोई भेटला. भागवतचं नाव काढल्यावर त्यानं जाळं खाली ठेवलं. म्हणाला, "लई हसवायचा. आमी म्हणायचो, नाव भागवत अन् हातात मरळ! पण मालक, शेवटचं दीडएक वर्ष त्यानं पाण्यात गळ टाकलाच न्हाई. बुधवारी सांजच्याला वसमतच्या बाजारात माझ्याकडून मासे घ्यायचा. मला मासोळ्या ओतून द्यायचा अन् मासे घेऊन जायचा. मी म्हणलं, काहून रं, धरणावर का येईना? तर म्हणे, बायको पाण्याला भिऊन राहिली."

ते मासे आम्ही खाल्ले. त्यानं धरलेले म्हणून खाल्ले.

मग दर बुधवारी तो कुठं जात होता? तू क्लासला आणि तो कुठं? त्याला कसलं व्यसन होतं का? कुणाकडे जाणं होतं का? मेलेल्या पोराबद्दल असं विचारू नये, तरी विचारतो. सुभद्राला हे सांगितलेलं नाही. ती आधीच तुझ्यावर बोलते, हे कळलं तर त्याच्यावरही बोलेल आणि मग तिच्याजवळ काहीच उरणार नाही. तुला ठाऊक असेल ते लिही. वाईट असलं तरी लिही.

उकंडराव


कनेरगाव नाका,
दि. १० जानेवारी २०२५

ती. मामांना,
पुनमचा नमस्कार.

सगळ्यात आधी बॅटरीचं. मामा, तो धूर विष असतो. दादाला विचारलं तर तो ओरडलाच, "अगं, त्यानं माणूस मरंल!" दुसरी बॅटरी फोडू नका. आजच दवाखान्यात जा आणि काय वितळवलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हे पत्र घेऊन दादालाच उद्या, शनिवारी पाठवते. तुम्ही गेला नसाल तर तो तुम्हाला घेऊन जाईल.

मी त्यांना शब्द दिला होता की हे कुणाला सांगणार नाही. पण आता तुम्ही त्यांच्याबद्दल वाईट विचार करायला लागलात. माझ्याबद्दल केलात ते चाललं असतं.

ते व्यसनाला जात नव्हते आणि कुणाकडेही जात नव्हते. दर बुधवारी आम्ही दोघं नांदेडला दवाखान्यात जात होतो. ते धरणावर म्हणून घरून निघायचे, मी क्लासला म्हणून निघायचे आणि वसमतला बसस्टँडवर भेटायचो. मी एकही दिवस शिवणक्लासला गेले नाही. मला अजून ब्लाउजची बाही लावता येत नाही.

तुमच्या छातीचं ऑपरेशन झालं त्याच महिन्यात त्यांच्या पोटातली गाठ कळली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ती पसरली आहे, औषधानं दिवस वाढतील, बरं होणार नाही. म्हणून मामा, उशीर कुणाकडूनच झाला नाही. तेवढं आत्याबाईंना कधी तरी कळावं असं वाटतं. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "अण्णाची जखम अजून ओली हाय. आत्ता सांगितलं तर आधी तेच जातील. थोडं सावरू दे, मंग मीच सांगतो." तुम्ही सावरलात. मग दिवाळी आली, मग तुम्ही पुन्हा शेतात जायला लागलात, सायकल चालवायला लागलात. ते म्हणायचे, बघ किती खूश आहेत, पुढच्या महिन्यात सांगू. ह्यात तुमची काही चूक नाही. हे कारण लिहू नये असं वाटत होतं, पण अर्धं सांगून तुम्हाला झोप लागली नसती.

औषधानं केस गळायला लागले तेव्हा त्यांनी डोकं भादरलं आणि मित्रांबरोबर तिरुपतीला जाऊन आलो म्हणाले. प्रसाद म्हणून आणलेला लाडू नांदेडच्या दुकानातला होता. आत्याबाईंनी तो गल्लीत सगळ्यांना वाटला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आता शिसं. दवाखान्यात एक्स-रेची जुनी खोली पाडत होते, नवीन मशीन बसवायची म्हणून. दाराला आतून शिशाचा पत्रा असतो, किरण बाहेर येऊ नयेत म्हणून. तो पत्रा काढून अंगणात टाकला होता. ह्यांना सुईची फार भीती. आत जायच्या आधी अंगणात फिरत राहायचे. त्या दिवशी पत्रा बघून खाली बसले, नख लावलं आणि मला हाक मारली, "पुनम, हे बघ, लोणी!" सहा महिन्यांत मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. तिथल्या माणसानं फाटलेले तुकडे घेऊन जा म्हटलं. हे म्हणाले, "हे किरण अडवायचं, आता मासे अडवील."

ते तुकडे मी माझ्या क्लासच्या पिशवीत कापडाखाली घालून आणले. आत्याबाईंनी दारात पिशवी उचलून बघितली आणि म्हणाल्या, "काय दगडाचे झंपर शिवतीस का गं?" हे तिकडे तोंड करून हसत होते.

उरलेला पत्रा शिवणयंत्राच्या खालच्या कप्प्यात आहे, हिरव्या कापडात. तो घ्या. त्याला दुसरं काही मिसळलेलं नाही, पण उघड्यावर आणि तोंडाला फडकं बांधूनच वितळवा. तब्येत बरी झाल्यावरच.

आत्याबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी शब्द मोडला आहे. तुम्हाला राग आला तरी चालेल.

पुनम


हट्टा,
दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. पुनम हिस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. भिवाजी आला होता, त्यानं मला वसमतला नेलं. रक्त तपासलं. शिसं अंगात गेलंय, पण थोडं. गोळ्या दिल्या आहेत आणि चुलीपासून लांब राहायला सांगितलंय. फोडलेली बॅटरी भिवाजीनंच पोत्यात घालून नेली. जाताना तुझ्या सासूला म्हणाला, "आत्या, म्हाताऱ्याला आता मासे दिसले तरी डोळे झाकायला लावा." तीही हसली.

तुझं पत्र मी शेतात नेऊन वाचलं. राग आला नाही. कुणावर करायचा? त्या वर्षी मी सायकल चालवत होतो आणि मला वाटायचं की देवानं मला परत पाठवलं. भागवत ओट्यावर बसून बघायचा आणि म्हणायचा, "अण्णा, जरा हळू." मला वाटायचं तो माझ्या काळजीनं म्हणतोय. तसंच होतं. इतकंच लिहिता येतं.

हिरव्या कापडातला पत्रा सापडला. नख उमटलं. तब्येत बरी होईपर्यंत थांबणार होतो, पण राहवलं नाही. अंगणात, वारा असताना, तोंडाला फडकं बांधून एकच मासोळी ओतली. शेपटी भरली. वाकवली तर वाकली, तुटली नाही. बाकी पत्रा परत कापडात बांधून ठेवला.

मग सुभद्राला सांगायचं ठरवलं. परवा दुपारी तिला समोर बसवून तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे वाचता आलं नसतं. तिरुपतीच्या लाडवाचं आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. वाचून झाल्यावर ती उठली आणि शेळ्यांना पाला टाकायला गेली. सकाळचा पाला तसाच पडलेला होता. संध्याकाळपर्यंत गोठ्यातच होती. काल मी म्हणालो पुनमला फोन लावून देऊ का, तर नको म्हणून मान हलवली.

आज सकाळी आपण होऊन म्हणाली, "कागद घ्या अन् मी सांगते तसं लिवा. तुमचं घालू नका मधे." ती सांगते तसंच पुढे लिहितो.

"पुनम, म्या बोलते. म्या लई बोलले तुला. गल्लीत बी बोलले, तेराव्याला माणसात बी बोलले. ते म्या परत कसं घेऊ, मला कळंना. गल्लीत एकेकीच्या घरी जाऊन सांगून राहिले, की सून दवाखान्यात जात व्हती, क्लासला न्हाई. तिघींना सांगितलं, बाकीच्यांना सांगते. गोजरबाई म्हणली, ऱ्हाऊ दे आता, झालं ते झालं. म्या म्हणलं, न्हाई, ऐकावंच लागंल.

मला एकच इचारायचं हाय. बाकी काई न्हाई. दर बुधवारी म्या पहाटं उठून त्याला भाकर बांधून देत व्हते. धरणावर दिवसभर ऊन लागंल, भूक लागंल म्हणून. दोन भाकरी अन् भाजी, कधी पिठलं. डबा सांजच्याला रिकामा यायचा. तो तर दवाखान्यात व्हता, मंग माझी भाकर त्यानं खाल्ली का? का कुठं टाकून देत व्हता? त्याला गिळत नसंल तर तसं सांग. मला राग येणार न्हाई. खरं असंल तेवढंच सांग."

एवढंच म्हणाली. उत्तराची वाट बघते आहे. फोन करू नकोस, पत्रच पाठव. मी वाचून दाखवीन.

उकंडराव


कनेरगाव नाका,
दि. ७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
पुनमचा नमस्कार.

तुमची भाकर एकदाही टाकली नाही.

पहिले काही महिने ते स्वतःच खायचे. दवाखान्यासमोर रसवंतीच्या बाकड्यावर बसून. सुई टोचल्यावर उलटी व्हायची, म्हणून आधीच खायचे. सगळी खायचे, भाजीचा रस्सा बोटानं पुसून. नंतर अर्धी खायला लागले आणि अर्धी मला द्यायचे. शेवटी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, तेव्हा सगळी मी खायचे. मला भूक नसायची, तरी खायचे. डबा रिकामा न्यायचा होता.

मी खाताना ते समोर बसून विचारायचे. मीठ बराबर आहे का, तिखट किती आहे, भाकर मऊ आहे का करपली. मी म्हणायचे, तुम्हाला काय करायचंय? तर म्हणायचे, "आई दारातच विचारती, भाजी कशी झाली व्हती. मला सांगावं लागंल ना." मी सांगायचे आणि ते बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हणून लक्षात ठेवायचे.

एकदा ते तुम्हाला म्हणाले होते की वांग्यात तिखट जास्त झालं, आणि तुम्ही दोन दिवस त्यांच्यावर रुसला होतात. त्या दिवशी माझं तोंड आलं होतं, आत्याबाई. भाजी चांगली होती.

पुनम